एक नाव, दोन माणसं : मागे राहिलेला दुसरा कोण?

सांजवेळ

परवा रात्री 'पिंजरा'ची गाणी ऐकत बसले होते. १९७२ चा चित्रपट, पण ढोलकी सुरू झाली की आजही अंगावर काटा येतो. संगीतकार राम कदम. त्यांच्याबद्दल आणखी वाचावं म्हणून मोबाइलवर नाव टाकलं, तर समोर आले घाटकोपरचे आमदार राम कदम. बातम्या, फोटो, भाषणं, सगळं त्यांचंच. कितीतरी वेळ खाली सरकत गेले. शेवटी नावापुढे 'संगीतकार' जोडलं, तेव्हा कुठे ते सापडले.

यात आमदारांचा काही दोष नाही. नाव त्यांचंही तितकंच आहे. पण मनाला चुटपुट लागून राहिली. मग आठवायला लागले, तर 'सांगत्ये ऐका'चे (१९५९) संगीतकार वसंत पवार आणि नाशिकचे खासदार राहिलेले डॉ. वसंत पवार अशीही जोडी निघाली. 'बुगडी माझी सांडली गं' आजही लग्नसमारंभात वाजतं, पण चाल कोणाची हे विचारलं तर दहातले आठजण गप्प बसतात. त्यात नावाचा हा गुंता.

तर हा धागा अशा जोड्यांसाठी. नाव आणि आडनाव दोन्ही सारखं हवं, क्षेत्रं वेगळी हवीत आणि दोघंही आपापल्या जागी नावाजलेले हवेत. एक कळकळीची विनंती : नुसती जोडी टाकून पुढे जाऊ नका. दोघांतला जो मागे पडलाय त्याने काय काम केलं, ते दोन ओळींत तरी सांगा.

माझ्याकडून अजून एक. अनिल बिस्वास म्हटलं की बंगालमधल्या बऱ्याच लोकांना आधी आठवतात ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे राज्य सचिव. १९९८ पासून २००६ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. दुसरे अनिल बिस्वास म्हणजे १९४३ च्या 'किस्मत'चे संगीतकार. 'पहली नज़र'मध्ये मुकेशकडून 'दिल जलता है' गाऊन घेणारे तेच. गंमत पुढे आहे. त्याच 'किस्मत'चे नायक अशोक कुमार, आणि अशोक कुमारही दोन आहेत! १९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल मारणारे हॉकीपटू अशोक कुमार, म्हणजे ध्यानचंद यांचे चिरंजीव. एकाच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोन नावं अशी निघाली, की दोघांचेही नामबंधू भलत्याच मैदानावर गाजलेले.

कपाट_सात

सांजवेळ, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी ग्रंथालयात काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या पोटापाण्याचा.

माझ्याच हातून झालेली चूक सांगते. शरद जोशी. नोकरीची पहिली दोनतीन वर्षं असतील. देणगीत पुस्तकांचं एक खोकं आलं होतं. त्यातल्या एका पुस्तकाच्या कण्यावर फक्त 'शरद जोशी' एवढं दिसलं आणि मी पेन्सिलीने वर्गांक टाकला ३३८.१, म्हणजे शेतीचं अर्थकारण. डोक्यात शेतकरी संघटनेचे शरद जोशी पक्के बसलेले. पुस्तक उघडून पाहिलंच नाही. ते होतं हिंदीतले व्यंग्यकार शरद जोशी यांचं, त्याची जागा ८९१.४३ मध्ये.

सातआठ महिन्यांनी शेतीच्या कपाटातली पुस्तकं नेमाने नेणारे एक वाचक ते परत घेऊन आले. मला वाटलं, आता तक्रार करणार. तर म्हणाले, "बाई, शेतीचं एक अक्षर नाही यात. पण माणूस फार भारी लिहितो. याचं अजून आहे का काही?" त्या दिवशी मी कार्ड बदललं. त्यांना दोन वेगळी कार्डं दाखवली आणि समजावून सांगितलं, की हे उज्जैनचे, जन्म १९३१, मृत्यू १९९१. 'नवभारत टाइम्स'मध्ये 'प्रतिदिन' हे सदर लिहायचे. दूरदर्शनवरची 'ये जो है जिंदगी' यांचीच. आणि ते दुसरे साताऱ्यात जन्मलेले, १९३५ ते २०१५. स्वित्झर्लंडमधली टपाल खात्याच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतली नोकरी सोडून चाकणच्या बाजूला कोरडवाहू शेती करायला आलेले, कांद्याच्या भावासाठी रस्त्यावर उतरलेले.

महाराष्ट्रात मागे राहतात ते हिंदीतले शरद जोशी. उत्तरेत गेलात तर नेमकं उलट. 'दुसरा' कोण, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं, एवढं मला त्या दोन कार्डांनी शिकवलं.

पारवा

मराठी साहित्यातली माझी आवडती जोडी अरविंद गोखले. नवकथेचं नाव निघालं की गाडगीळ, भावे, माडगूळकर यांच्या पंक्तीत ज्यांना बसवतात ते अरविंद विष्णू गोखले (१९१९–१९९२). शेतीशास्त्र शिकलेला माणूस. आयुष्यभर कथेवरच जीव लावला, कादंबरीच्या वाटेला गेलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि पत्रकार अरविंद व्यंकटेश गोखले, 'केसरी' आणि 'लोकसत्ता'चे संपादक राहिलेले, पाकिस्तानच्या राजकारणावर सातत्याने लिहिणारे.

पत्रकार गोखल्यांच्या पुस्तकांवर 'अरविंद व्यं. गोखले' असं छापतात, ते तुमच्याही पाहण्यात असेल. त्या 'व्यं.'चं मोल मोठं आहे. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची रीत आहे, ती अशा वेळी फार कामी येते. आद्याक्षर गाळून नुसतं नाव-आडनाव लिहायची पद्धत आली, तिथूनच हा घोळ वाढला असं माझं प्रामाणिक मत आहे.

विधिमंडळातसुद्धा २०२४ पर्यंत हेच होतं. इस्लामपूरचे जयंत राजाराम पाटील आणि शेकापचे अलिबागचे जयंत प्रभाकर पाटील. बातमीत वडिलांचं नाव नसेल, तर वाचणाऱ्याने पक्षावरून ओळखायचं.

ओवी

पारवा, वडिलांचं नाव मदतीला येतं हे खरं, पण कधीकधी तेच चकवतं.

'बाळ गंगाधर' एवढं म्हटलं की पुढे आपोआप 'टिळक' येतं. पण त्याआधी बाळ गंगाधर जांभेकर होऊन गेले. बाळशास्त्री. ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढणारे. आणि नंतर आले बाळ गंगाधर खेर, १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तसंच म्हणत). तिघांचं नाव बाळ, तिघांच्या वडिलांचं नाव गंगाधर. त्यात जांभेकर आणि टिळक दोघंही वृत्तपत्र चालवणारे, दोघांनीही गणित शिकवलेलं. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. 'बाळ' हे घरातलं हाकेचं नाव, तेच इतिहासात राहिलं. केशव चाललं असतं तर ही त्रयी जुळलीच नसती.

असंच चिंतामण विनायक. एक वैद्य, इतिहासकार. दुसरे जोशी, चिमणराव-गुंड्याभाऊंचे जनक. ग्रंथांच्या यादीत दोघंही 'चिं. वि.'

पण सगळ्यात जास्त फसवतात ते आपटे. हरी नारायण आपटे आणि नारायण हरी आपटे. नावं आरशात पाहिल्यासारखी उलटी, दोघंही कादंबरीकार, त्यामुळे कुणीही छातीठोकपणे सांगतं की हे बापलेक. नाहीत! हरिभाऊंचा जन्म १८६४ चा, नारायण हरींचा १८८९ चा, आणि ते हरिभाऊंचे चिरंजीव नव्हेत. 'प्रभात'चा १९३७ चा 'कुंकू' ज्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर बेतलाय, ती नारायण हरींची. म्हाताऱ्या नवऱ्याला नवरा मानायला ठाम नकार देणारी ती नीरा त्यांच्या लेखणीतून आली. 'पण लक्षांत कोण घेतो'मुळे हरिभाऊंना स्त्रियांच्या दुःखाचे पहिले मोठे कादंबरीकार मानतात, ते रास्तच आहे. त्याच वाटेवर पुढे चाललेल्या माणसाचं नाव मात्र लोक वडिलांच्या नावात मिसळून टाकतात, आणि ते वडील त्याचे नव्हतेच. मला याचं खरंच वाईट वाटतं.

अक्षांश

परदेशातली एक जोडी सविस्तर सांगतो, कारण यात दोघांनी मिळून गुंता सोडवला.

१८९९ साली इंग्लंडमधल्या एका पंचविशीच्या आतल्या तरुणाच्या लक्षात आलं, की आपण न लिहिलेल्या कादंबरीबद्दल लोक आपलं अभिनंदन करतायत. त्याचं नाव विन्स्टन चर्चिल. तो तेव्हा लष्करातून नुकताच बाहेर पडलेला, युद्धाच्या बातम्या आणि पुस्तकं लिहून नाव कमावू पाहणारा. त्याचीही 'सॅव्ह्रोला' ही कादंबरी मासिकातून क्रमशः येत होती. पण लोक बोलत होते 'रिचर्ड कार्व्हेल'बद्दल, आणि तिचा लेखक होता अमेरिकेतला विन्स्टन चर्चिल. वयाने तीन वर्षांनी मोठा आणि त्या घडीला कितीतरी जास्त प्रसिद्ध.

जून १८९९ मध्ये इंग्लिश चर्चिलने त्याला पत्र लिहिलं. अगदी अदबीने. आपल्या दोघांच्या नावांमुळे वाचकांचा गोंधळ होण्याची भीती आहे, तेव्हा यापुढे मी माझ्या लेखनावर 'विन्स्टन स्पेन्सर चर्चिल' अशी सही करीन, असं त्यात होतं. अमेरिकन चर्चिलनेही तितक्याच सभ्यपणे आभार मानले आणि कळवलं, की मला मधलं नाव असतं तर मीही ते नक्की लावलं असतं. पुढच्या वर्षी, डिसेंबर १९०० मध्ये, इंग्लिश चर्चिल व्याख्यानांच्या दौऱ्यावर बोस्टनला गेला तेव्हा दोघांची भेटही झाली.

म्हणजे त्या दिवशी 'दुसरा' होता तो इंग्लंडचा होणारा पंतप्रधान! आज पारडं पूर्ण फिरलंय. अमेरिकन चर्चिलचं साम्य नावापुरतंच नव्हतं. तो नौदलाच्या अकादमीतून उत्तीर्ण झालेला, राजकारणात उतरलेला, १९०६ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरपदासाठी प्रयत्न करून हरलेला. उतारवयात चित्रंही काढायचा, इंग्लिश चर्चिलसारखीच. १९४७ मध्ये तो गेला, आणि १९५३ चं साहित्याचं नोबेल मिळालं ते दुसऱ्या चर्चिलला. एकेकाळी अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणाऱ्या कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस आता संदर्भग्रंथांत 'कादंबरीकार' असा कंस लावूनच भेटतो.

इंग्लिश चर्चिलने मात्र दिलेला शब्द पाळला. त्याच्या पुस्तकांवर शेवटपर्यंत मधलं 'एस.' आहे. कधी एखादी प्रत हाती आली तर मुखपृष्ठ बघा.

सांजवेळ

अक्षांश, किती सुंदर! ते 'एस.' मी कितीदा पाहिलंय. ते दुसऱ्या लेखकासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे हे आज कळलं.

तिसरी_घंटा

नियमात बसतील असे दोन भौतिकशास्त्रज्ञ.

होमी भाभा. होमी जहांगीर भाभा (१९०९–१९६६), अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे. आणि होमी खर्शेदजी भाभा, जन्म १९४९, तेही मुंबईचे, तेही पारशी. एल्फिन्स्टनमध्ये शिकून ऑक्सफर्डला गेले, पुढे हार्वर्डला प्राध्यापक. वसाहतीच्या काळात राज्यकर्ते आणि प्रजा यांच्या संस्कृती एकमेकींत मिसळून तिसरंच काहीतरी कसं तयार होतं, याचा विचार त्यांनी मांडला. आज जगात कुठेही साहित्याचा विद्यार्थी वसाहतोत्तर समीक्षा वाचायला बसला की त्याला हे भाभा वाचावेच लागतात. दोघांनाही पद्मभूषण मिळालंय, पहिल्यांना १९५४ मध्ये, दुसऱ्यांना २०१२ मध्ये. आपल्याकडे मात्र 'होमी भाभा' म्हटल्यावर दुसऱ्यांची आठवण येणारे मोजकेच.

सत्येन बोस. सत्येंद्रनाथ बोस (१८९४–१९७४), ज्यांच्या नावावरून सूक्ष्म कणांच्या एका प्रकारासाठी 'बोसॉन' हा शब्द आला. १९२४ मध्ये त्यांनी आपला निबंध थेट आइन्स्टाइनकडे पाठवला होता. बंगालीत त्यांनाही सत्येन बोसच म्हणतात. दुसरे सत्येन बोस म्हणजे 'जागृती' (१९५४), 'चलती का नाम गाडी' (१९५८) आणि 'दोस्ती'चे दिग्दर्शक. तिन्ही चित्रपट लोकांना तोंडपाठ, दिग्दर्शकाचं नाव क्वचितच कुणाला आठवतं. आणि यांच्याही आधी एक सत्येंद्रनाथ होते, अलीपूर खटल्यातले क्रांतिकारक. माफीचा साक्षीदार झालेल्या नरेन गोसाईंना तुरुंगातच गोळ्या घातल्याबद्दल कन्हाईलाल दत्त आणि त्यांना १९०८ मध्ये फाशी झाली. तेही बोसच, आडनाव कधी 'बसू' लिहितात एवढंच.

रानजाई

बायकांची नावं अजून कशी नाही आली? म्हणून लिहितेय.

आपल्याकडे बाईचं आडनाव लग्नात बदलतं. त्यामुळे तिच्या बाबतीत नामसाधर्म्य कधी तयार होतं, कधी पुसलं जातं. सुलोचना म्हणजे तीन जणी. पहिल्या मूकपटांच्या काळातल्या तारका, मूळ नाव रूबी मायर्स, १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेल्या. दुसऱ्या सुलोचना लाटकर, पडद्यावरची आई. तिसऱ्या लावणीसम्राज्ञी सुलोचना चव्हाण, ज्या आधी सुलोचना कदम या नावाने गायच्या. पोस्टरवर, तबकडीवर पुष्कळदा नुसतं 'सुलोचना'. नियमाप्रमाणे आडनावं वेगळी आहेत, पण आडनाव छापलंच नाही तर तो फरक राहतो कुठे?

डिसेंबर २०२२ मध्ये सुलोचना चव्हाण गेल्या. त्या दिवशी सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजली टाकली आणि फोटो होता लाटकरांचा. डोक्यावर पदर, कपाळावर मोठं कुंकू. खाली ओळीने हात जोडलेल्या खुणा. मी लिहिलं, "या सुलोचनादीदी आहेत, त्या अजून आपल्यात आहेत." तो फोटो खाली काढेपर्यंत पंचवीसजणांचं वाहून झालं होतं. माझी आई ते वाचून दिवसभर अस्वस्थ होती. ज्या बाईने 'सोळावं वरीस धोक्याचं' म्हटलं, तिला निरोप देताना निदान तिचा चेहरा तरी समोर हवा होता, असं तिचं म्हणणं. मग आम्ही दोघींनी रात्री 'सवाल माझा ऐका'ची गाणी लावली. (संगीत वसंत पवार! सांजवेळ, तुमच्या पहिल्या पोस्टमधलेच.) सहा महिन्यांनी, जून २०२३ मध्ये, लाटकरही गेल्या.

आता आडनाव लग्नाने जुळण्याचं उदाहरण. एलिझाबेथ टेलर. अभिनेत्री सगळ्यांना माहीत. दुसऱ्या एलिझाबेथ टेलर इंग्लिश कादंबरीकार, जन्म १९१२, माहेरचं आडनाव कोल्स. टेलर झाल्या त्या लग्नानंतर. त्यांची पहिली कादंबरी आली १९४५ मध्ये, आणि त्याच्या आदल्याच वर्षी 'नॅशनल व्हेल्व्हेट'मधून बारा वर्षांची एलिझाबेथ टेलर जगभर पोचली होती. पुढे आयुष्यभर त्यांना त्या अभिनेत्रीच्या नावची पत्रं येत राहिली. साध्यासुध्या घरांतले, बारीकसारीक एकटेपण टिपणाऱ्या कादंबऱ्या आहेत त्यांच्या. एक तर बुकरच्या अंतिम यादीपर्यंत गेली होती, १९७१ साली. मिळाल्या तर जरूर वाचा.

अक्षांश

रानजाई, तुमच्या आईंचं म्हणणं मनाला लागलं.

एक शंका मांडतो. घेतलेली नावं धरायची का? अशोक कुमार हे मूळचे कुमुदलाल गांगुली. अभिनेता रिचर्ड बर्टन मूळचा जेंकिन्स, सांभाळ करणाऱ्या शिक्षकाचं आडनाव त्याने लावलं. आणि एकोणिसाव्या शतकातले रिचर्ड बर्टन म्हणजे मुंबई लष्करात नोकरी करताना गुजराती, सिंधी आणि मराठीसुद्धा शिकलेले भाषापंडित प्रवासी. जेन सीमोर ही आठव्या हेन्रीची तिसरी राणी, आणि त्याच नावाच्या अभिनेत्रीने तर ते निवडूनच घेतलंय. अशांना योगायोग म्हणता येणार नाही. माझ्या मते ही नावं बाजूला ठेवावीत.

सांजवेळ

मला नाही तसं वाटत. लोकांनी ज्या नावाने ओळखलं, प्रेम केलं, ते त्या माणसाचंच नाव. ते त्याने मिळवलेलं असतं. अशोक कुमार यांना कुमुदलाल म्हणून कोण ओळखणार? धरूया.

पारवा

सांजवेळ यांच्याशी सहमत. आणि घेतलेल्या नावांची दुसरी बाजूही बघा, काहींनी गोंधळ टाळण्यासाठी स्वतःचं खरं नाव सोडलंय. बलराज दत्त यांचे सुनील दत्त झाले, कारण बलराज साहनी आधीपासून होते. हॉलिवूडचा मायकेल कीटन जन्माने मायकेल डग्लस. तिथल्या कलाकार संघटनेत एका नावाचे दोन सदस्य चालत नाहीत, म्हणून आडनाव बदलावं लागलं. गायक डेव्हिड बोवी मूळचा डेव्हिड जोन्स. तेव्हा 'द मंकीज'चा डेव्ही जोन्स गाजत होता. आईवडिलांनी ठेवलेलं नाव दुसऱ्यासाठी सोडून द्यायचं, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरी_घंटा

संशोधनात हा प्रश्न रोजचा आहे. शास्त्रीय निबंधांवर नाव आणि एखादं आद्याक्षर एवढंच असतं. एकाच नावाचे शेकडो संशोधक. कुणाचं काम कुणाच्या खात्यावर जाईल सांगता येत नाही, आणि बढती, अनुदान सगळं त्या खात्यावर ठरतं. म्हणून २०१२ पासून 'ऑर्किड' नावाची सोय सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला सोळा अंकी क्रमांक. नाव बदललं, लग्न झालं, संस्था बदलली तरी क्रमांक तोच राहतो. मी स्वतः तो घेतला तेव्हा हायसं वाटलं होतं.

मायकेल जॉर्डन हे याचं उत्तम उदाहरण. बास्केटबॉलपटू सगळ्यांना माहीत. मायकेल आय. जॉर्डन हे बर्कलीचे प्राध्यापक, यंत्रांना विदेवरून (डेटावरून) शिकवण्याच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी एक. आजची कितीतरी मंडळी त्यांच्या हाताखाली तयार झालीत. आणि मायकेल बी. जॉर्डन हा अभिनेता. खेळाडूला आद्याक्षर लागत नाही, बाकी दोघांना लावावंच लागतं. पारवा म्हणतात त्या 'व्यं.'चाच हा इंग्रजी अवतार.

दुडक्या_चालीने

नियमात बसत नाही, कारण क्षेत्र एकच आहे, तरी लिहितो. हॉकीतले बलबीर सिंग. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये आपल्या संघात एकाच वेळी तीन बलबीर सिंग होते! एक पोलीस दलातले, एक रेल्वेतले, एक लष्करातले. कांस्यपदक मिळालं त्या संघाला. धावतं वर्णन करणाऱ्यांनी ते कसं निभावलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो. चेंडू बलबीरकडून बलबीरकडे!

आणि या सगळ्यांच्या आधीचे, ज्यांना नंतर 'सीनियर' म्हणावं लागलं, ते बलबीर सिंग. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन सुवर्णपदकं. हेलसिंकीच्या १९५२ च्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध भारताने सहा गोल केले, त्यातले पाच त्यांचे. एवढा मोठा खेळाडू, पण त्यांच्या नावापुढे ओळखीसाठी 'सीनियर' लावावं लागतं आणि तरीही लोक विचारतात, कोणते?

सांजवेळ

दुडक्या_चालीने, नियम गेला खड्ड्यात, हे हवंच होतं. पाच गोल!

ओवी

आतापर्यंतच्या सगळ्या जोड्या वेगळ्या करता आल्या. न करता येणारी एक सांगते.

नामदेव. संत नामदेव, १२७० ते १३५०, ज्ञानेश्वरांचे समकालीन. त्यानंतर एकनाथांच्या काळात विष्णुदास नामा नावाचे कवी झाले. ओवीबद्ध महाभारत लिहिणारे. अडचण अशी, की संत नामदेवांच्या अभंगांतही 'विष्णुदास नामा' ही मुद्रा येते, कारण विष्णूचा दास हे कोणताही भक्त स्वतःला म्हणणारच. पुढे वह्या उतरवणाऱ्यांनी 'नामा म्हणे' दिसलं की ते नामदेवांच्या गाथेत घातलं. भाषा किती जुनी, रचनेची धाटणी कशी, यावरून अभ्यासक निवडत बसतात, पण गाथेतल्या सगळ्या रचनांबाबत एकमत नाही.

चर्चिलना निदान पत्र लिहिता आलं. इथे दोघांमध्ये दोनअडीचशे वर्षांचं अंतर आहे. विष्णुदास नामा यांचं नाव पदवीच्या अभ्यासक्रमाबाहेर कुणी घेत नाही. महाभारत मराठीत आणण्याचं एवढं मोठं काम त्यांनी केलंय. तुम्ही गाता त्या एखाद्या अभंगात त्यांचाही शब्द असू शकतो.

भास्कराचार्यांचं बरं आहे, इतिहासकारांनी त्यांना क्रमांकच दिले. सातव्या शतकातले पहिले, आणि १११४ मध्ये जन्मलेले 'सिद्धांतशिरोमणि'कार दुसरे. आपल्या उपग्रहांचंही तसंच झालं, १९७९ चा भास्कर-१ आणि १९८१ चा भास्कर-२.

रानजाई

ओवी, हे वाचून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

एक छोटी भर घालते. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' आला, तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते मनमोहन सिंग. आणि त्या चित्रपटाचे छायालेखक मनमोहन सिंग! मोहरीची पिवळी शेतं, ती पहाटेची उन्हं, सगळं त्यांच्या कॅमेऱ्यातून आलंय. पुढे त्यांनी पंजाबी चित्रपट दिग्दर्शित केले. आईला सांगितलं तर तिने परत तो चित्रपट लावायला लावला आणि नाव पडद्यावर येईपर्यंत बसून राहिली.

कपाट_सात

दोन दिवस हा धागा वाचतेय. आज दुपारी वाचक कमी होते, म्हणून इथे आलेली नावं आमच्या जुन्या कार्डांच्या कपाटात तपासली. अरविंद गोखले, दोन्ही बरोबर, विष्णू वेगळे, व्यंकटेश वेगळे. एलिझाबेथ टेलरची कादंबरी आमच्याकडे नाही, मागणीच्या वहीत नोंद केली.

आपट्यांचा खण काढला. 'आपटे, नारायण हरि' या कार्डाच्या तळाशी कुणीतरी फार पूर्वी, शाईने, 'पाहा : आपटे, हरि नारायण' असं लिहून ठेवलंय. म्हणजे इतकी वर्षं यांचं पुस्तक शोधायला आलेला प्रत्येकजण हरिभाऊंच्या खणाकडे पाठवला जात होता. ओवी, तुम्ही लिहिलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

जुनं कार्ड काढून टाकलं नाही, अक्षर फार सुरेख आहे. ती एक ओळ खोडली, खाली '१८८९–१९७१, स्वतंत्र लेखक' असं लिहिलं आणि परत दांडीत ओवलं. 'न पटणारी गोष्ट'ची एक प्रत निघाली मागच्या रांगेत. पानं पिवळी पडलीत, पण सगळी आहेत. बांधणीला दिलीय.